हरण्याचा मान

गुरुवारी सकाळी अप्पा उजव्या पायात मोजा घालायला वाकले आणि तसेच राहिले. मोजा अर्धा चढला होता, अर्धा लोंबत होता, आणि अप्पांच्या कमरेत कुणीतरी कडी घातल्यासारखा आवाज झाला. तो आवाज आपल्याला स्वयंपाकघरात ऐकू आला, असं त्यांच्या पत्नी माई पुढे कितीतरी दिवस शपथेवर सांगत होत्या. डॉक्टर येऊन गेले. सपाट, कडक जागेवर उताणं पडायचं, पंधरा दिवस, अशी सक्त ताकीद मिळाली. घरात तेवढी सपाट, कडक आणि रिकामी जागा एकच होती, जेवणाच्या टेबलाखाली. म्हणून अप्पा तिथे.

आणि रविवारी पलीकडच्या देशाच्या पूलमंत्री येणार होत्या, ज्यांच्याशी अप्पांना हरायचं होतं.

या घराण्याचा पेशा आता नव्याने सांगायला नको, पण काही लोक पुस्तक मधूनच उघडतात, त्यांच्यासाठी सांगतो. परराष्ट्र खात्यात तळमजल्यावर, मोडके पंखे ठेवायच्या खोलीला लागून क्रीडा-सौजन्य विभाग आहे. विभागात एक टेबल, एक कपाट आणि एक माणूस. परदेशी पाहुणा बोलणी करायला आला की आधी त्याच्याशी बॅडमिंटनचा एक डाव खेळायचा आणि हरायचं. नुसतं हरणं कुणालाही येतं. इथे पाहुण्याला घाम फुटला पाहिजे, मध्ये एकदा आपण गेलोच असं वाटलं पाहिजे, आणि शेवटी एकवीस-एकोणीसने जिंकल्यावर या वयातही आपल्यात काहीतरी शिल्लक आहे अशी त्याची खात्री पटली पाहिजे. असा माणूस मग चहा घेतो, आणि चहा घेता घेता सही करतो. सामना नाही तर चहा नाही, चहा नाही तर सही नाही. साठ वर्षांचा शिरस्ता.

अप्पांचे वडील, ज्यांना सगळे थोरले म्हणत, त्यांनी ही जागा छत्तीस वर्षं सांभाळली. उजवा हात गळ्यात बांधलेल्या एका राजाशी ते हरले. एका सेनापतीशी हरले, जो चौदाव्या पॉइंटला उभ्याउभ्याच झोपला. थोरले पुढचे सात पॉइंट त्याच्या रॅकेटवर बॅडमिंटनचं फूल नेमकं आपटत राहिले, ते आपोआप परत येत राहिलं, थोरले ते आपल्या पायाशी पडू देत राहिले, आणि सेनापतीला जाग आली तेव्हा तो जिंकलेला होता. त्याने घरी जाऊन दोन बंदरं मोकळी केली. खोटं वाटत असेल तर बंदरं अजून आहेत.

या वेळी प्रश्न पुलाचा होता. नदीवरचा पूल अकरा महिने बंद होता, कारण त्याला रंग द्यायचा होता. अलीकडचे हिरवा देत आले, पलीकडचे पिवळा देत आले, आणि मध्ये साडेतीन हातांचा तुकडा उरला. तो कोणाचा, यावरून दोन्ही बाजूंनी फाटक लावून घेतलं. माईंची धाकटी बहीण पलीकडे राहायची. बुधवारी तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, आणि ताई हात धरायला आल्याशिवाय आपण भूल घेणार नाही, असं तिने रुग्णालयात लिहून दिलं होतं. दुसरा रस्ता डोंगराला वळसा घालून नऊ दिवसांचा. तेव्हा रविवारी कुणीतरी नीट हरायलाच हवं होतं.

टेबलाखालून माणसं दिसत नाहीत, पाय दिसतात. अप्पांनी त्या दिवशी घरची सगळी बैठक पायांवरून ऐकली.

पहिले आले थोरल्यांचे पांढरे कापडी बूट, नाड्या घट्ट बांधलेले. म्हणजे म्हातारा तयारीनेच आला होता. वय चौऱ्याऐंशी. मागून आत्याचे रबरी तळव्यांचे बूट, जमिनीवर चुंई-चुंई करत. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. गावात खेळाचा वर्ग चालवायची, आणि तिच्या वर्गातली मुलं जिथे जातील तिथून पेले घेऊनच येत. तिसऱ्या माईंच्या चपला, ओट्यापासून टेबलापर्यंत येऊन थांबलेल्या. आणि दाराशी, एक पाय उंबऱ्याबाहेरच ठेवून, पांढऱ्या सँडल. ती अप्पांची लेक. दातांचा दवाखाना होता म्हणून घरात तिला दातवाली म्हणत, आणि तिला ते आवडत नसे म्हणून जास्तच म्हणत.

थोरल्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं की ते स्वतः खेळतील. त्यावर आत्याने विचारलं की बाबा, जिना चढताना तुम्ही मध्ये दोनदा बसलात ते कोणाला दाखवायला. थोरले म्हणाले की बसलो नव्हतो, विचार करत होतो. माईंनी हळूच काळजी बोलून दाखवली, की कोर्टावर काही बरंवाईट झालं म्हणजे.

"झालं तर झालं," थोरले म्हणाले. "मी खेळता खेळता गेलो तर पाहुणी जिंकलीच की. शिवाय तिला वाईट वाटेल. वाईट वाटलेला माणूस दोन सह्या करतो."

अप्पांनी खालून सुचवलं की दातवालीला विचारावं. लहानपणी थोरल्यांनी स्वतः शिकवलेली, घरातला सगळ्यात मऊ हात तिचा. मग दाराशी जो एक पाय आत होता तोही बाहेर गेला. जाता जाता ती एवढंच म्हणाली की तिच्या दवाखान्यात लोक दुखलं की ओरडतात आणि बरं वाटलं की हसतात. तिला तसेच लोक आवडतात.

मग आत्याने आपला प्रस्ताव मांडला. तीच खेळेल. माणसाला जिंकायचं शास्त्र कळलं की हरायचंही कळतं, उलटं वाचायचं झालं. थोरल्यांच्या कापडी बुटांचे चवडे वर झाले. म्हातारा हसतोय हे अप्पांना बरोबर कळलं. आणि तेवढ्यात त्यांनी पाहिलं की माईंच्या चपला हळूहळू सरकत सरकत आत्याच्या बुटांशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात या दोन जोड्या एका बाजूला उभ्या राहिलेल्या अप्पांनी प्रथमच पाहिल्या. मत विचारायला टेबलाखाली कुणी वाकलंच नाही. अप्पांनी आढ्याऐवजी टेबलाच्या फळीकडे पाहून डोळे मिटले.

शुक्रवारी दुपारी आत्याने तालीम ठेवली. तिच्या वर्गाच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "जिंकणाऱ्याने आधी पाणी प्यावे". समोर खेळायला माई. माईंनी आयुष्यात रॅकेट धरली नव्हती. त्यांनी ती झाऱ्यासारखी धरली, आणि तळणीतून काहीतरी काढावं तसं फूल काढू लागल्या. थोरले पंचांच्या उंच खुर्चीवर बसले. त्यांना त्यावर चढवायला तीन माणसं लागली होती.

सुरुवात फार सुरेख झाली. आत्याने फूल जाळीत मारलं, बाहेर मारलं, एकदा स्वतःच्याच पायावर मारलं. माई वीस, आत्या अठरा. एकच पॉइंट द्यायचा होता. माईंनी झारा फिरवला, फूल लागलं, वर गेलं, आणि आत्याच्या बरोबर डोक्यावर येऊन तरंगत राहिलं, अगदी हातभर उंचीवर, बोलावल्यासारखं. आत्या स्वतःला सांगत होती की सोड. उजवा हात ऐकत नव्हता. खाडकन आवाज आला आणि फूल माईंच्या दोन पायांमध्ये रुतलं.

एकोणीस-वीस. आत्या म्हणाली, चुकून झालं. मग वीस-वीस चुकून झालं, आणि बावीस-वीसही चुकूनच.

दुसरा डाव ती डाव्या हाताने खेळली. जिंकली. तिसऱ्या डावाला डोळ्यांवर पंचा बांधला. त्यातही जिंकली, आणि शेवटचा फटका मारताना खिडकीची काच फोडली. आता त्या काचेतून फूल बाहेर जाऊन समोरच्या दुकानातल्या वजनकाट्यात पडलं, असंही सांगतात, पण ते मी धरत नाही.

माईंनी रॅकेट बाकावर ठेवली आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पंचवीस वर्षांची असताना तिने ही नोकरी मागितली होती. थोरले तेव्हा म्हणाले होते, "तुला हरता येत नाही," आणि जागा पुढे धाकट्या भावाला गेली. मुलगी म्हणून डावललं, वर निमित्त सांगितलं, हे तिने तेव्हाच मनाशी पक्कं केलं. पस्तीस वर्षं त्या रागावर तिने वर्ग चालवला, दोन मजले चढवले, पेल्यांची कपाटं भरली. आणि आज तिच्या लक्षात आलं की म्हातारा निमित्त सांगत नव्हता, अगदी खरं तेच सांगत होता. हे डावलण्यापेक्षा जास्त लागलं.

वरून थोरल्यांचा आवाज आला. आता मला उतरवा, ते म्हणत होते. कुणी उतरवेना. अर्धा तास ते वरच बसून होते.

दातवालीच्या दवाखान्यात शनिवारी गर्दी असे. माई आत शिरल्या तेव्हा खुर्चीत एक निवृत्त टपालमास्तर आ वासून पडले होते आणि त्यांच्या दाढेत काम चाललं होतं. माई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि बहिणीचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. दातवालीने यंत्र सुरू केलं. माई थांबल्या. यंत्र थांबलं, माई सुरू झाल्या. असं चार वेळा झालं.

मग दातवालीनेच यंत्र ठेवून दिलं. टपालमास्तरांच्या गालात कापसाचे दोन बोळे कोंबले, आणि ती आईकडे वळली.

"तुला एक विचारते. मी सात वर्षांची असताना अप्पा माझ्याशी सापशिडी खेळायचे. सापशिडीत कधी हरले नाहीत असं झालं का?"

माईंना आठवेना.

"नाहीच झालं. सापशिडीत मुद्दाम हरायला काय करावं लागतं ठाऊक आहे? मी खाली बघितलं की फासा बोटाने उलटवायचे. पुढे शाळेत मी धावण्यात पहिली आले ना, तर घरी येताना मला वाटत होतं, बाकीच्या मुलींना अप्पांनी आधीच सांगून ठेवलं असेल." तिने हातमोजे काढले. "सत्तावीस वर्षांची झाले गं. आयुष्यात एकदा तरी खरंच जिंकले का, मला माहीत नाही. आणि तू म्हणतेस, तेच दुसऱ्या कुणाला करून ये."

माईंना हे पटलं. पटलं ही त्यांची अडचण होती. त्या घरातून निघताना चांगली तीन मोठी भाषणं तयार करून आल्या होत्या, घराण्याचं नाव, थोरल्यांचं वय, अप्पांची कंबर, आणि आता त्यांतलं एकही काढवेना. पर्सची चेन उघडायच्या, लावायच्या.

"तुझी मावशी भित्री आहे गं," शेवटी त्या म्हणाल्या. "लहानपणी नखं कापतानासुद्धा माझा हात धरायची. तेवढंच आहे. बाकी काही नाही."

खुर्चीतून आवाज आला. टपालमास्तर हात हलवत होते. दातवालीने बोळे काढले.

"जा की, बाई," टपालमास्तर म्हणाले. "आणि ही दाढ आज पुरी होणार का?"

दाढ पुरी झाली. मग दातवाली माळ्यावरून जुनी रॅकेट काढायला आईबरोबर घरी गेली. टेबलाखालून अप्पांनी आधी पांढऱ्या सँडल पाहिल्या, मग त्यांच्याजवळ माईंच्या चपला, आणि जरा वेळाने, बऱ्याच अंतरावर, रबरी बूट. आत्या म्हणाली की दुसरं कुणी हरणारच असेल तर निदान दमसास तरी मी करून घेते. आणि तिने पोरीला अंधार पडेपर्यंत दोरीवरून उड्या मारायला लावल्या.

रविवारी खात्याच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. उजवीकडे अलीकडचे अधिकारी, डावीकडे पलीकडचे, मागे लांब टेबलावर चहाची मोठी भांडी झाकून ठेवलेली. उपसचिव जातीने हजर होते. अप्पांना फायली न्यायच्या ढकलगाडीवर उताणं घालून आणलं होतं. त्यांना फक्त छत दिसायचं आणि उंच उडालं तर फूल. माई तिसऱ्या रांगेत, मांडीवर भरलेली बॅग.

पूलमंत्री साठीच्या, रुंद खांद्यांच्या, हसऱ्या बाई होत्या. त्यांनी दातवालीचे दोन्ही हात हातांत घेतले आणि तिचे आजोबा बसले होते तिथे जाऊन त्यांना वाकून नमस्कार केला.

दातवालीचा हात बसायला वेळ लागला नाही. मऊ आणि मोजके फटके, पाहुणीला पळवायचं पण पोचू द्यायचं, सगळं बोटांना आठवत होतं. आठ-आठ झाले, बारा-बारा झाले. आता सोडायला लागावं म्हणून तिने पहिलं फूल घरच्या पद्धतीने मागच्या रेषेच्या अर्धी वीत बाहेर टाकलं. पाहणाऱ्याला वाटावं, थोडक्यात गेलं हो.

पुढचं फूल पूलमंत्र्यांनी मारलं. तेही अर्धी वीत बाहेर पडलं. थोडक्यात गेलं हो.

असेल, म्हणून दातवालीने पुढचं जाळीच्या वरच्या दोरीला लावून आपल्याकडे पाडलं. पूलमंत्र्यांनी त्यापुढचं जाळीच्या वरच्या दोरीला लावून आपल्याकडे पाडलं. दातवाली घसरली. पूलमंत्रीही घसरल्या, आणि जास्त देखण्या घसरल्या. अठरा-अठरा. एकोणीस-एकोणीस. दातवालीने रॅकेट खाली घेऊन समोर नीट पाहिलं. समोरची बाई चुकत नव्हती. समोरची बाई काम करत होती.

खुर्चीवर थोरले पुढे सरकले. चाळीस वर्षांपूर्वी, हा पूल बांधायचा ठरला तेव्हा, ते याच बाईंच्या वडिलांशी हरले होते. तो त्यांचा सगळ्यात गाजलेला पराभव. तो माणूस फार चुकतो, याला जिंकवता जिंकवता आपला जीव जाणार, असं तेव्हा सारखं वाटत होतं. आता त्यांना कळलं की तो माणूस चुकत नव्हता. त्यालाही त्याच्या खात्याने हरायलाच पाठवलं होतं, आणि थोरल्यांनी त्याला जिंकवून घरी धाडलं. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. एवढा मोठा पराक्रम आणि ऐकवायला शेजारी फक्त आत्या.

"ताणू नकोस," आत्या दातांमध्ये बोट घालून पुटपुटत होती. "हे बघवत नाही मला. दोघी जिंकू शकतात हो बाबा. दोघी."

नियम असा की वीस-वीस झाल्यावर दोनाची आघाडी लागते, ती मिळालीच नाही तर एकोणतीस-एकोणतीसला पुढचा पॉइंट शेवटचा. एवीतेवी कुणाला आघाडी नको होती. चोवीस-चोवीस, सत्तावीस-सत्तावीस. प्रेक्षकांना वाटलं, असा अटीतटीचा सामना आजवर झाला नाही. दोन्हीकडचे अधिकारी आपापल्या पराभवाची वाट पाहत टाळ्या वाजवत होते. ढकलगाडीवर अप्पा सारखे विचारत होते की किती झाले, आणि उत्तर ऐकून दर वेळी म्हणत, "अजून?"

एकोणतीस-एकोणतीस. सर्व्हिस पूलमंत्र्यांची. त्या बुटाची नाडी बांधायला जाळीपाशी येऊन वाकल्या. दातवालीही वाकली. तिची नाडी सुटलेली नव्हती.

"मुली, सोड आता," पूलमंत्री हळू आवाजात म्हणाल्या. "मला हरू दे. तुझ्या आजोबांनी माझ्या बाबांना जिंकवलं, ते घरी येऊन आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. मरेपर्यंत मला सांगत होते, त्या घराची परतफेड करून ये."

दातवाली म्हणाली की तिच्या मावशीचं बुधवारी ऑपरेशन आहे, आणि सही झाली नाही तर तिचा हात धरायला कुणी नाही.

"सही माझी आहे. चहा झाला की करते. पण चहा व्हायला हे संपलं पाहिजे ना? आता मी जाळीत घालते सर्व्हिस, तू उभी राहा."

म्हणजे एवढंच होतं. दातवालीने उभं राहायचं होतं, आणि ती जिंकणार होती. कुणीतरी तिला सोडलं म्हणून. पुन्हा एकदा. तिच्या डोळ्यांपुढे सापशिडी आली.

"नको," ती म्हणाली. "कुणीही हरलं तरी चहा होणारच. मग हा एक पॉइंट खरा खेळा. माझ्याशी."

पूलमंत्र्यांनी नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"मला येतं की नाही, ठाऊक नाही गं."

"मलाही नाही."

सर्व्हिस उंच आली. दातवालीने आयुष्यात प्रथमच पूर्ण ताकदीने फटका मारला, आणि तो असा बसला की मागची चहाची झाकणं थरथरली. फूल परत आलं. कसं आलं ते तिला कळलं नाही, पण आलं, आणि त्यात दयामाया नव्हती. ती धावली. समोरची साठीची बाईही धावली, हत्तीण उतारावरून येते तशी. फूल डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, जाळीशी टेकलं, पुन्हा आभाळात. अप्पांना छताखाली फूल इतक्या वेळा दिसलं की त्यांनी मोजणं सोडून दिलं. पंचाहत्तर फटके झाले असं मी म्हणतो. आत्या म्हणते एकशे दहा, आणि आत्या माझ्यापेक्षा जास्त खोटं बोलते. थोरले खुर्चीचे हात धरून उभे राहिले होते. दातवालीच्या मनात पूल नव्हता, मावशी नव्हती, घराणं तर नव्हतंच. फक्त हे फूल तिकडे पडलं पाहिजे, बस.

मग पूलमंत्र्यांनी फटक्याचा आव आणला आणि फूल जाळीच्या अलीकडे नुसतं ठेवलं. दातवालीने झेप घेतली. रॅकेट बोटभर कमी पडली. ती पोटावर घसरत जाळीपाशी पोचली तेव्हा फूल तिच्या नाकासमोर आडवं पडलेलं होतं.

पूलमंत्र्यांनी पंचांकडे पाहिलं. मग त्यांनी रॅकेट टाकून दिली, कोर्टाला धावत एक फेरी मारली, पंचांना मिठी मारली, उपसचिवांना मिठी मारली, आणि ढकलगाडीवरच्या अप्पांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्यांचेच अधिकारी काळजीच्या चेहऱ्याने एकमेकांकडे पाहू लागले. चहाची वाट न बघता त्यांनी कागद मागवला. तो साडेतीन हातांचा तुकडा तुम्हीच घ्या, म्हणाल्या, हवा तो रंग द्या, ठिपके द्या. आणि उद्याच्या उद्या फाटक काढा. जन्मात पहिल्यांदा जिंकलेल्या बाईला साडेतीन हात लोखंडाचं काय वाटणार. तिसऱ्या रांगेत माईंनी बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला तो रात्रीपर्यंत काढला नाही.

दातवाली मात्र उठेना. ती जमिनीवर बसून रडत होती. रागाने, हुंदके देऊन, रॅकेट आपटत. उपसचिव तिच्याजवळ आले, जरा वाकले, आणि आवाज खाली घेऊन म्हणाले की पराभव उत्तमच, खात्यातर्फे आभार, पण अभिनय या वेळी थोडा जास्त झाला.

थोरले दोघांच्या आधाराने तिथवर आले. ते काय म्हणतात म्हणून सगळे थांबले.

"डावा पाय उशिरा उचललास," थोरले म्हणाले. "नाहीतर पोचली असतीस."

आत्याने मान वळवून डोळे पुसले. बाबांनी तिला असं कधी काही सांगितलं नव्हतं.

सोमवारी फाटक निघालं, मंगळवारी सकाळी पूल उघडला. माई आणि दातवाली पहिल्याच लोकांत होत्या. बॅग दातवालीकडे, आणि माई इतक्या भराभर चालत होत्या की पुलाच्या मध्यावर येईपर्यंत दातवालीची गोष्ट तीनदाच सांगून झाली. जाळीपाशी फूल ठेवणार हे मला दिसलं होतं, ती म्हणत होती, खांदा बघ तिचा, खांद्यावरून कळत होतं, मी अर्धं पाऊल आधी निघायला हवं होतं. माई हो हो म्हणत होत्या आणि पुढे पाहत होत्या.

पलीकडे, रस्त्याच्या कडेला, चाकाच्या खुर्चीत मावशी बसली होती. माईंनी शेवटचं अंतर अक्षरशः धावून काढलं. बहिणींनी एकमेकींचे हात धरले आणि दोघींनी एकाच वेळी दुसरीला सांगितलं की तू किती वाळलीस. मग मावशीने भाचीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. दातवालीने चौथ्यांदा सांगितलं, पहिल्या सर्व्हिसपासून. मावशीला बॅडमिंटनमधलं काही कळत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हरलीस," ती म्हणाली.

"हो गं. हरले."

मावशीचा एक हात माईंनी धरलेलाच होता. दुसऱ्या हाताने तिने दातवालीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"अरेरे," ती म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस, बाळा."

साठ वर्षांत त्या घरात हरून आलेल्याचं फक्त अभिनंदन झालं होतं. हार घातले गेले होते, बढत्या मिळाल्या होत्या. अरेरे म्हणणारी मावशी पहिलीच. दातवालीला ते इतकं बरं वाटलं की तिने डोळे पुसले आणि रुग्णालयाकडे खुर्ची ढकलता ढकलता सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.